भिंत, हात आणि शब्द : मनोरुग्णालयात शिकायला जाणाऱ्या परिचर्या-विद्यार्थ्यांच्या चिंतेचा इतिहास

परिचर्येच्या, म्हणजे बोलीभाषेत ज्याला नर्सिंग म्हणतात त्या, अभ्यासक्रमात वर्गातील अध्यापनाबरोबरच रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करावे लागते आणि या कामाला भारतभर 'पोस्टिंग' हाच शब्द रूढ झाला आहे. शल्यचिकित्सा, प्रसूती, बालरोग अशा प्रत्येक पोस्टिंगला विद्यार्थी थोडेफार धास्तावून सामोरे जातात. परंतु मनोरुग्ण विभागातील पोस्टिंग जवळ येऊ लागली की त्यांच्या मनात जी अस्वस्थता दाटून येते तिची जात निराळी असते, कारण तिथे चूक होण्याच्या भीतीत स्वतःला इजा होण्याची, आपल्या एखाद्या शब्दाने रुग्णाची स्थिती बिघडण्याची आणि क्वचित आपलेही मन ढळण्याची भीती मिसळलेली असते. या अस्वस्थतेला विद्यार्थ्याचा भित्रेपणा किंवा अपुरी तयारी समजण्याची सवय अध्यापनक्षेत्रात जुनी आहे. मनोरुग्णालय नावाची संस्था कशी घडली आणि परिचर्या तिच्या आत केव्हा व कोणत्या रूपाने शिरली हे तपासले तर मात्र असे दिसते की विद्यार्थ्याच्या मनातील चिंतेचा मोठा भाग त्याचा स्वतःचा नसून वारशाने आलेला आहे.

या विषयावरील संशोधनात चिंतेचे दोन प्रकार सहसा वेगळे मानले जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनपद्धतीत अवस्थाजन्य चिंता, म्हणजे विशिष्ट प्रसंगी उद्भवून प्रसंगाबरोबर ओसरणारी चिंता, आणि स्वभावजन्य चिंता, म्हणजे व्यक्तीच्या घडणीतच असलेली काळजीची प्रवृत्ती, यांची मोजदाद स्वतंत्रपणे केली जाते. मनोरुग्ण विभागातील विद्यार्थ्यांची चिंता मुख्यतः पहिल्या प्रकारची असते, ती पोस्टिंगच्या आरंभी सर्वाधिक असते आणि रुग्णांचा प्रत्यक्ष सहवास घडू लागल्यावर बहुतेकांच्या बाबतीत उतरते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार आढळले आहे. जी चिंता रुग्णाला भेटण्यापूर्वी शिगेला पोहोचते आणि रुग्णाला भेटल्यावर कमी होते, तिचे मूळ रुग्णात नसून भेटीपूर्वी मनात भरलेल्या कल्पनांत आहे, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. या कल्पना कोठून आल्या हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचा शोध घेण्यास मध्य भारतातील भिलाई हे ठिकाण सोयीचे आहे.

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसलेले नगर क्रमांक दिलेल्या सेक्टरांत विभागले गेले आणि बाजारपेठ व नागरी व्यवहार यांचे केंद्र म्हणून सिविक सेंटर नावारूपाला आले. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांमुळे 'लघु भारत' म्हणवणाऱ्या या नगरात विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही स्थिरावली. सेक्टर 9 मधील मोठे रुग्णालय, जे पुढे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाऊ लागले, दूरवरच्या गावांनाही आधार ठरले. कालांतराने भिलाई व दुर्ग परिसरात नर्सिंगची महाविद्यालये निघाली. नियोजनपूर्वक आखलेल्या या नगरात प्रसूतीपासून भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांपर्यंतचे काम शिकण्याची सोय हाताशी आली, परंतु मनोरुग्णांसाठी स्वतंत्र मोठे रुग्णालय येथे उभे राहिले नाही. ते या प्रदेशासाठी नेहमीच दूर कोठेतरी होते, आणि हे दूर असणेच भीतीच्या इतिहासातील पहिले कारण आहे.

या दूरच्या ठिकाणाचे सर्वांत जुने नाव नागपूर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1864 मध्ये, नागपुरात मनोरुग्णांसाठी जी संस्था सुरू झाली तीच आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय होय. 1906 मध्ये निर्माण झालेला दुर्ग जिल्हा याच प्रांताचा घटक होता आणि 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत, म्हणजे राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे जाईपर्यंत, दुर्गची व नागपूरची शासनव्यवस्था एकच होती. पुनर्रचनेने नागपूरचे मनोरुग्णालय एका रात्रीत परराज्यातील झाले, तर नव्या मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर व इंदूर येथील मनोरुग्णालये कित्येक शे किलोमीटर पलीकडे राहिली. मुंबई–हावडा लोहमार्गावरून सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेले नागपूर भूगोलाने जवळचे आणि कारभाराने परके, अशी विचित्र स्थिती भिलाई उभारली जात असतानाच निर्माण झाली.

एकोणिसाव्या शतकातील या संस्था उपचारांसाठी उभारलेल्या नव्हत्या. 1858 च्या कायद्याने वेडसर ठरवलेल्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आश्रयगृहात, म्हणजे त्या काळच्या भाषेत वेड्यांच्या इस्पितळात, ठेवण्याची तरतूद केली आणि 1912 च्या भारतीय कायद्याने ती अधिक तपशीलवार केली. दोन्ही कायद्यांचा कणा ताब्यात ठेवणे हाच होता. उंच भिंत, कुलूपबंद कोठड्या, स्त्री व पुरुष यांचे वेगळे आवार आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा राखणदार ही या संस्थांची ओळख होती. वैद्यकीय देखरेख बहुधा सिव्हिल सर्जन आपल्या इतर कामांबरोबर करी आणि रुग्णाच्या दिवसातील जवळजवळ सर्व तास ज्याच्या हाती असत तो राखणदार कोणतेही प्रशिक्षण घेतलेला नसे. 1920 नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'असायलम' हा शब्द सरकारी कागदोपत्री मागे पडून 'मेंटल हॉस्पिटल' हा शब्द आला, पण फलक बदलला तरी भिंत तीच राहिली आणि लोकांच्या तोंडचा 'पागलखाना' हा शब्दही टिकला.

याच भिंतीमुळे गावांची नावे शिव्या बनली. मुंबई-पुण्याकडे 'ठाण्याला पोचवा' किंवा 'येरवड्याला न्या' हे उद्गार चेष्टेत सर्रास ऐकू येतात. हिंदी प्रदेशात हेच काम आग्रा आणि रांची ही नावे करतात. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासूनचे, रत्नागिरीचे 1886 पासूनचे, तर येरवड्याचे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. या गावांत दुसरे काहीच नसल्याप्रमाणे त्यांची नावे वेडाशी जोडली गेली. नर्सिंगला प्रवेश घेणारी मुलगी किंवा मुलगा हे उद्गार लहानपणापासून ऐकत मोठा झालेला असतो आणि अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षी त्याच ठिकाणी जाण्याचा आदेश त्याच्या हाती पडतो, तेव्हा पाठ्यपुस्तकातील छिन्नमनस्कतेची व्याख्या त्या उद्गारांपुढे दुबळी पडते. छिन्नमनस्कता म्हणजे विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड तुटणे, हे त्याने परीक्षेसाठी पाठ केलेले असते. दारापलीकडचा माणूस अंगावर धावून येतो, हे मात्र त्याला कोणीही न शिकवता ठाऊक झालेले असते.

राखणदाराच्या या जगात प्रशिक्षित परिचारिका फार उशिरा आली. मराठी समाजात परिचर्या हा सन्माननीय पेशा ठरवण्यासाठीच आधी मोठा संघर्ष करावा लागला होता. 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाच्या कामातून रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयातील नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवले, ज्या काळात परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जाई. नागपुरात बालविधवा कमलाताई होस्पेट यांनी डफरीन रुग्णालयात शिक्षण घेतले आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघाची स्थापना करून सुईणपण व परिचर्या यांना संस्थेचे बळ दिले. या सर्व प्रयत्नांचा केंद्रबिंदू शरीर हाच होता, कारण त्या काळी माता आणि बालके यांचे मृत्यू हे समाजापुढचे सर्वांत उघड दुःख होते. परिचारिकेची प्रतिष्ठा तिच्या हातांनी मिळवली: ताप मोजणारे, जखम बांधणारे, बाळाला सुखरूप बाहेर आणणारे हात. मनोरुग्णालय या प्रतिष्ठेच्या कक्षेबाहेरच राहिले आणि त्यामुळे परिचर्येच्या स्वतःच्या परंपरेतही मनोरुग्णाबद्दलचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या उणिवेची पहिली व्यापक नोंद झाली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने 1946 मध्ये सादर केलेल्या अहवालात मनोरुग्णालयांतील खाटांची संख्या सुमारे दहा हजार, म्हणजे साधारण 40,000 लोकसंख्येमागे एक, अशी दिली, तर प्रशिक्षित परिचारिकांचे प्रमाण सुमारे 43,000 लोकसंख्येमागे एक असे नोंदवले. खाट आणि परिचारिका या दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच दुर्मिळ असलेल्या या देशात मनोरुग्णाच्या खाटेजवळ प्रशिक्षित परिचारिका असण्याचा योग किती विरळा होता, हे या दोन आकड्यांवरून उमगते. भोर समितीच्या शिफारशीतून 1954 मध्ये बंगलोर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, जी 1974 मध्ये निम्हान्स या नावाने पुनर्गठित झाली, आणि 1950 च्या दशकाच्या मध्यास तेथे मनोरुग्ण परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम निघाला. 1947 च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने 1960 च्या दशकाच्या मध्यास हा विषय परिचर्येच्या मूलभूत अभ्यासक्रमात समाविष्ट केला. तोपर्यंत मनोरुग्णालयात जाणे ही मोजक्या परिचारिकांची निवड होती. त्यानंतर ती प्रत्येक विद्यार्थ्याची सक्ती झाली आणि आज ज्या सामूहिक चिंतेचा अभ्यास होतो तिचा जन्म या सक्तीबरोबर झाला असे म्हणता येते.

याच सुमारास परिचर्येचा विचारही मुळापासून बदलत होता. अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाउ यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परिचर्या ही परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील परस्परसंबंधाची प्रक्रिया आहे, असा सिद्धांत मांडला आणि त्या संबंधात परिचारिकेचे व्यक्तित्व हेच उपचाराचे साधन मानले. पुढे त्यांनी चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयग्रस्त अशा चार पातळ्या सांगितल्या. त्यांपैकी सौम्य पातळीवर माणसाची ग्रहणशक्ती वाढते व शिकणे सुलभ होते, तर तीव्र पातळीवर लक्ष आक्रसून शिकणे थांबते. ही मांडणी रुग्णाइतकीच विद्यार्थ्यालाही लागू होती. मनोरुग्ण विभागात आजही लिहून घेतले जाणारे 'प्रोसेस रेकॉर्डिंग', म्हणजे रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः उतरवून त्यासोबत स्वतःच्या मनात काय आले याची नोंद करणे, याच विचारातून रुजले आहे. इतर विभागांत विद्यार्थ्याला आपल्या हातांचा आधार असतो. घाबरला तरी तो रक्तदाब मोजू शकतो, चादर बदलू शकतो. येथे हातांना काम उरत नाही, समोर बसून बोलणे हेच काम होते, आणि बोलण्याला ठरलेला क्रम किंवा मोजण्याजोगे फळ नसल्यामुळे विद्यार्थ्याला आपण काहीच करत नाही आहोत असे वाटून अपराधीपणा येतो.

हातांचे काम चिंतेवरचा बांध असते, हे ब्रिटिश मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी 1960 च्या सुमारास लंडनमधील एका शिक्षण रुग्णालयाच्या अभ्यासातून दाखवले होते. त्यांच्या मते रुग्णाचे दुःख आणि मृत्यू यांच्या सान्निध्यातून येणारी चिंता थोपवण्यासाठी रुग्णालये काम बारीक तुकड्यांत वाटतात, परिचारिकेला एका रुग्णाजवळ फार काळ थांबू देत नाहीत आणि रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने करतात. पण अशा बचावामुळे चिंता नाहीशी न होता साचत जाते आणि कित्येक विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडतात. मनोरुग्ण विभाग विद्यार्थ्याकडून नेमकी उलटी अपेक्षा करतो: एकाच रुग्णाजवळ बसावे, त्याला नावाने हाक मारावी, त्याची कहाणी ऐकावी. दोन वर्षे क्रमांकांच्या शिस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्याचा बचाव येथे एकाएकी काढून घेतला जातो, म्हणून त्याची चिंता उघडी पडते.

भिलाईसारख्या ठिकाणी या अडचणीला भाषेचा आणखी एक पदर आहे. उपचारात्मक संवादाचे तंत्र, म्हणजे ऐकणे, मौन राखणे, रुग्णाचेच वाक्य त्याला परत देऊन पुढे बोलते करणे, इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते. रुग्ण छत्तीसगढी किंवा हिंदी बोलतो, नागपूरच्या बाजूला तो वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलतो, आणि मध्य भारतातील परिचर्या ज्यांनी मोठ्या प्रमाणावर सांभाळली त्या केरळच्या परिचारिकांना तर यांतील प्रत्येक बोली नव्याने शिकावी लागली. शरीराच्या दुखण्यात बोट दाखवून भागते, पण संशयाने घेरलेल्या किंवा अनेक महिने न बोललेल्या माणसाजवळ बसताना शब्दाची छटा चुकली तर काय होईल ही विद्यार्थ्याची धास्ती निराधार नसते. अशा वेळी वॉर्डात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मावशी आणि मामा, म्हणजे मराठी रुग्णालयांत आयांना व परिचरांना ज्या नावांनी हाक मारली जाते ते कर्मचारी, रुग्णाशी सहज बोलताना दिसतात. राखणदारीच्या व्यवस्थेतून उतरलेल्या या वर्गाने अनुभवाने जे कमावले ते विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसते, पण अभ्यासक्रमात त्याला नाव नसते.

दरम्यान भिंतीआडचे जगही पालटले. 1938 मध्ये रोममध्ये विद्युत-आघात उपचाराचा शोध लागला आणि 1952 मध्ये क्लोरप्रोमेझिन हे औषध वापरात आले. औषधांमुळे आक्रमकता व भ्रम आटोक्यात येऊ लागले आणि ज्याच्याशी बोलणे अशक्य मानले जाई तो रुग्ण संवादाच्या टप्प्यात आला. 1912 चा कायदा जाऊन 1987 चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो 1993 मध्ये अमलात आला; 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले रुग्ण होरपळून 28 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ताब्यात ठेवण्याच्या जुन्या रीतीचे खरे स्वरूप देशापुढे उघडे पडले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, रुग्णाला साखळीने बांधणे आणि भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे न देता विद्युत-आघात उपचार करणे यांवर बंदी घातली. जुन्या पिढीतील विद्यार्थ्यांना रात्ररात्र छळणारी जी दृश्ये होती ती कायद्याने आता निषिद्ध आहेत. परंतु चित्रपटांनी आणि ऐकीव गोष्टींनी तीच दृश्ये जिवंत ठेवल्यामुळे नव्या विद्यार्थ्याची भीती अनेकदा आजच्या वॉर्डाची नसून पन्नास वर्षांपूर्वीच्या वॉर्डाची असते.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले आणि कालांतराने बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे स्वतःचे मनोरुग्णालय उभे राहिले, जे भिलाईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रातील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची मंजूर क्षमता अनुक्रमे 2,540, 1,850, 940 आणि 365 खाटा, म्हणजे एकूण 5,695; एवढ्या मोजक्या ठिकाणी दूरदूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे गट येतात, तेव्हा मनोरुग्ण विभागातील पोस्टिंग ही एक प्रकारची यात्रा होऊन बसते. दीर्घकाळ चाललेल्या पदवी अभ्यासक्रमात या विषयासाठी तिसऱ्या वर्षी 90 तास वर्गातील आणि 270 तास प्रात्यक्षिकाचे राखलेले होते; त्या तासांतला काही भाग वसतिगृह, प्रवास आणि अनोळखी संस्थेची ओळख यांतच खर्ची पडतो, आणि चिंता ओसरून खरे शिकणे सुरू होण्याच्या सुमारास परतीची वेळ होते.

2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यासाठी निवडलेल्या 12 राज्यांत छत्तीसगढचा समावेश होता, प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. याचा सरळ अर्थ असा की विद्यार्थी ज्याला भेटण्यासाठी दीडशे किंवा अडीचशे किलोमीटर जातो तो माणूस त्याने आधीच अनेकदा पाहिलेला असतो: बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, प्रसूतीनंतर गप्प झालेल्या मातेत, दारूमुळे पोट फुगून दाखल झालेल्या कामगारात, सिविक सेंटरच्या बाजारात शेजारून जाणाऱ्या गर्दीत. 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, ज्याच्या उभारणीत तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचा पुढाकार होता, भिंतीच्या आतली जागा मोकळ्या बोलण्याची कशी होऊ शकते हे मराठी समाजाला दाखवून दिले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची, म्हणजे मानसिक उपचार जिल्हा व ग्रामीण पातळीवर नेण्यासाठी 1996 पासून राबवलेल्या योजनेची, दिशाही तीच आहे.

या इतिहासातून अध्यापनासाठी निघणारा बोध साधा आहे आणि तो मनापासून स्वीकारण्यासारखा आहे. मनोरुग्णाशी पहिली भेट मोठ्या भिंतीआड न घडवता जवळच्या सामान्य रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा वस्तीत घडवली, पहिल्या दिवशी अध्यापिका स्वतः विद्यार्थ्याशेजारी बसून रुग्णाशी बोलली, प्रत्येक दिवसाच्या शेवटी गटाने बसून भीती बोलून दाखवण्याची मुभा दिली आणि अनुभवी मावशी-मामांना शिक्षक मानले, तर चिंता पेपलाउंनी सांगितलेल्या त्या सौम्य पातळीवर राहते जिथे माणूस शिकतो. चिंता पूर्णपणे नाहीशी व्हावी अशी अपेक्षाही योग्य नव्हे, कारण समोरच्या माणसाचे दुःख आपल्या एका शब्दाने वाढू नये ही काळजी तिच्या गाभ्याशी आहे आणि चांगल्या परिचारिकेत ती आयुष्यभर राहते. टाकून द्यायचे ते राखणदाराच्या जुडग्याबरोबर आलेले भय. विद्यार्थ्याने भिलाईहून सेंदरीला किंवा नागपूरला जाताना सोबत न्यायची ती ही काळजी, आणि ती कशी न्यावी हे शिकवणे संस्थेचे कर्तव्य आहे.